उत्तर आलं, आता ताळा करा

(दहावी १९९२ तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

समोर पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या गणिताच्या बाई, आणि तेहतीस-चौतीस वर्षांनंतरही एकमेकांना टोपणनावानेच हाका मारणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला फोन केला तेव्हा सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमधला माणूस. अलीकडे काय काय नवीन चाललंय ते सांग, पण आम्हाला समजेल असं सांग. आणि वीस मिनिटांत आटप." पहिल्या दोन अटी अवघड आहेत, तिसरी पाळायचा प्रयत्न करतो.

आपल्या शाळेत संगणक आला तेव्हाची आठवण बहुतेकांना असेल. दोन मशीन, त्यांच्यासाठी वेगळी खोली, खिडक्यांना जाड पडदे, आणि आत जाताना चपला बाहेर. देवघरात जावं तसं आम्ही आत जायचो. त्या खोलीत मला या कामाची गोडी लागली, हे खरं. पण हे काम नीट कसं करायचं ते मी त्या खोलीत शिकलो नाही. ते शिकलो बाईंच्या तासाला, आणि तेही उशिराच समजलं. ते कसं, ते शेवटी सांगतो. आधी आपल्याच नाशिक भागातली तीन कामं सांगतो. ही कामं माझी नाहीत. दुसऱ्यांनी केलेली आहेत आणि मी त्यांच्याकडे शिकाऊ उमेदवारासारखा पाहत आलो आहे.

पहिलं काम द्राक्षांचं.

आपल्यापैकी निम्म्यांच्या घरी बाग आहे किंवा होती, त्यामुळे युरोपला माल जातो म्हणजे काय याची तुम्हाला कल्पना आहे. औषधाचा अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला की माल नाकारला जातो. २००३ च्या सुमारास अशी वेळ आपल्या द्राक्षांवर आली होती. त्यानंतर अपेडाने 'ग्रेपनेट' नावाची संगणक प्रणाली सुरू केली. कल्पना साधी आहे. प्रत्येक निर्यातक्षम बागेची कृषी खात्याकडे नोंदणी, तिला स्वतंत्र क्रमांक, त्या बागेतून प्रयोगशाळेने नमुना घ्यायचा, तपासणीचा निकाल थेट प्रणालीत चढवायचा, आणि निकाल चांगला असेल तरच पुढे पॅकहाऊस, प्रमाणपत्र, कंटेनर. त्यामुळे तिकडच्या दुकानातल्या पेटीवरून मागे मागे येत दिंडोरीच्या किंवा निफाडच्या नेमक्या बागेपर्यंत पोचता येतं. आपल्याकडे शेतमालाच्या बाबतीत इतकी नेटकी साखळी तोवर नव्हती.

आणि तरीही २०१० मध्ये आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. कारण होतं क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत 'सीसीसी'. वेलीची वाढ आवरायला आणि घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ते वापरलं जायचं. फळ येतं त्याच्या कितीतरी महिने आधी. त्यामुळे त्याचा अंश फळात उतरेल असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आपल्याकडे ज्या रसायनांची तपासणी व्हायची त्या यादीत ते नव्हतंच. प्रयोगशाळेने काम चोख केलं होतं, संगणकाने चोख केलं होतं, बागायतदाराच्या हातातला अहवाल स्वच्छ होता. तिकडच्या प्रयोगशाळेने मात्र यादीबाहेरची गोष्ट शोधली. त्या हंगामात किती घरांची गणितं कोलमडली ते इथे बसलेल्या काहीजणांनी भोगलेलं आहे. पुढे ते रसायन यादीत आलं.

सॉफ्टवेअरवाल्यासाठी यातला धडा मोठा आहे. संगणक यादीतलं तपासतो. यादी माणूस करतो. पडद्यावर 'सर्व ठीक' असं आलं की त्याचा अर्थ एवढाच की आपण विचारलेल्या प्रश्नांना बरी उत्तरं मिळाली. न विचारलेल्या प्रश्नाबद्दल तो पडदा काहीच बोलत नाही.

दुसरं काम कुंभमेळ्याचं.

२७ ऑगस्ट २००३ हा दिवस नाशिककर विसरलेला नाही. रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. टीव्हीवर आपलाच रस्ता दिसत होता, जिथून आपण शाळा सुटल्यावर सायकली हातात धरून चालत यायचो, आणि तो ओळखू येत नव्हता.

पुढचा सिंहस्थ आला २०१५ मध्ये. त्याच्या आधी, २०१४ पासून, नाशिकमध्ये 'कुंभथॉन' नावाची शिबिरं झाली. एमआयटी मीडिया लॅबचे प्राध्यापक रमेश रासकर मूळचे आपल्या नाशिकचेच. त्यांनी आणि सुनील खांडबहाले यांच्यासारख्या इथल्या मंडळींनी पुढाकार घेतला. खांडबहाले म्हणजे मराठी माध्यमातून शिकल्यामुळे पुढे इंग्रजीने अडवलं म्हणून शब्दकोश पाठ करायला लागले आणि पुढे स्वतःच भारतीय भाषांचे डिजिटल शब्दकोश तयार करणारे गृहस्थ. या शिबिरांत कॉलेजची मुलं, डॉक्टर, अधिकारी, व्यापारी एकत्र बसून मेळ्याच्या अडचणींवर उपाय शोधत होते. त्यांत नीलय कुलकर्णी नावाचा नाशिकचा शाळकरी मुलगा होता. गर्दी नेमकी किती झाली आहे हे वेळेत कसं कळेल, हा प्रश्न त्याने आणि त्याच्या गटाने हाती घेतला.

आता हा प्रश्न माझ्यासारख्याला विचारला असता, तर मी काय केलं असतं? मोबाईलच्या टॉवरवरून मोजा, कॅमेऱ्यावरून डोकी मोजा, काहीतरी भारी सुचवलं असतं. पण मेळ्याला येणाऱ्या प्रत्येक आजीकडे मोबाईल नसतो. दाटीत कॅमेऱ्याला डोक्यांवरची गाठोडी दिसतात. या मुलांनी वर पाहण्याऐवजी खाली पाहिलं. मोबाईल असो नसो, पाय सगळ्यांना आहेत. त्यांनी दाब ओळखणारी चटई केली. माणूस तिच्यावरून चालला की मोजला जातो आणि आकडा लगेच नियंत्रण कक्षाकडे जातो. नाव ठेवलं 'आशिओतो', जपानीत त्याचा अर्थ पावलांचा आवाज. २०१५ च्या मेळ्यात एका ठिकाणी तिची चाचणी झाली. नीलयने पुढे टेडच्या व्यासपीठावर सांगितलं आहे की १८ तासांत सुमारे ५ लाख माणसं त्या चटईने मोजली.

२०१५ चा मेळा २००३ सारख्या दुर्घटनेशिवाय पार पडला. त्याचं श्रेय पोलीस, सफाई कामगार, स्वयंसेवक, रस्त्यांची आखणी अशा अनेकांचं आहे. एका चटईने मेळा तारला असं मी म्हणणार नाही, आणि ती मुलंही म्हणत नसतील. पण मला त्यातून शिकायला मिळालं ते हे, की चांगलं यंत्र म्हणजे सगळ्यांत महागडं यंत्र असं नाही. ज्याच्यासाठी करायचं त्याच्या पायांकडे आधी पाहावं. २०२७ च्या सिंहस्थाच्या वेळी आपल्यापैकी कुणाची मुलं-मुली अशा कामात असतील तर त्यांना एवढं जरूर सांगा.

तिसरं काम सातबाऱ्याचं.

गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून सातबारा. त्यातल्या बारामध्ये पिकाची नोंद. पूर्वी ती तलाठी करायचे. एका तलाठ्याकडे अनेक गावं, त्यामुळे कधी शेतात कांदा आणि कागदावर मागच्या वर्षीचा सोयाबीन असा प्रकार व्हायचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर 'ई-पीक पाहणी' आली. शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभं राहून मोबाईलवर पीक नोंदवायचं, फोटो काढायचा, फोटोबरोबर ती जागाही नोंदली जाते. हे ॲप करणाऱ्यांनी दोन गोष्टी चांगल्या ओळखल्या. एक, शिवारात रेंज नसते, म्हणून माहिती आधी फोनमध्ये साठवून मग रेंजमध्ये आल्यावर पाठवता यावी. दोन, घरोघर स्मार्टफोन नसतो, म्हणून एकाच फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता यावी. शहरात बसून ॲप करणारा 'एक माणूस, एक फोन' असं धरून चालतो. गावात तसं नसतं.

पण २०२३ मध्ये काय झालं ते लासलगाव-पिंपळगावकडच्या मंडळींना ठाऊक आहे. कांद्याचे भाव पडले, शासनाने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, एका शेतकऱ्याला २०० क्विंटलपर्यंत. त्यासाठी सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीतून झालेली कांद्याची नोंद हवी होती. अनेकांनी कांदा पिकवला होता, विकला होता, पट्टी हातात होती, पण ॲपवर नोंद केलेली नव्हती. कुणाला जमलं नव्हतं, कुणी कंटाळा केला होता, कुणाला गरजच वाटली नव्हती. शेवटी गावपातळीवरच्या समितीने खात्री करावी अशी वाट काढावी लागली.

नोंद करताना ती एक साधी नोंद होती. पुढे तिच्यावर पैसे ठरले. आम्ही लोक पडद्यावर एक चौकोन ठेवतो, 'भरला तर भरा' म्हणून. तो रिकामा चौकोन पुढे कुणाच्या घरचं काय अडवेल याचा विचार तेव्हा करत नाही.

आता माझ्या स्वतःच्या कामाबद्दल. हे सांगावं की नाही यावर मी पंधरा दिवस घोटाळलो. पण आपल्या माणसांत नाही सांगायचं तर कुठे?

आठ-नऊ वर्षांपूर्वी मी एका कंपनीत होतो. शेतमाल खरेदी करणाऱ्या एका संस्थेसाठी आम्ही हिशोबाचं सॉफ्टवेअर केलं. माल आला, वजन झालं, पट्टी निघाली, की पैसे थेट शेतकऱ्याच्या खात्यात. त्यातला पट्टी आणि बँक खातं यांची जोडी लावणारा भाग माझा. मी तो नाव आणि गाव यांवरून लावला. आम्ही चाचणी घेतली, वीस नावं टाकून. सगळी नावं आम्हीच रचलेली आणि अर्थातच सगळी वेगवेगळी. चाचणी पहिल्या फटक्यात पास.

तीन महिन्यांनी मी काही कामासाठी त्या संस्थेच्या कार्यालयात गेलो होतो. बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत घडी घातलेली पट्टी. ४१,७६० रुपयांची. खिडकीवरचा कारकून त्यांना सांगत होता, "बाबा, पैसे जमा झालेत. कम्प्यूटरमध्ये दिसतंय." बाबा माझ्याकडे वळले. मी इस्त्रीच्या शर्टात होतो, म्हणून त्यांना वाटलं मी कुणी मोठा. म्हणाले, "साहेब, कम्प्यूटर म्हणतो दिले. मंग माझं पासबुक खोटं बोलतं का?"

मी आत जाऊन पाहिलं. त्या गावात त्याच नावाचे, वडिलांचंही नाव तेच, आडनाव तेच, असे दोन शेतकरी होते. चुलत-चुलत भाऊबंद. पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले होते. तो माणूस मुलाकडे ठाण्याला राहायला गेलेला, खातं गावच्या शाखेत तसंच पडून. त्यामुळे कुणाला पत्ताच नव्हता. माझ्या प्रोग्रॅमला यादीत पहिलं नाव सापडलं, त्याने ते घेतलं आणि पुढे गेला.

पैसे नऊ दिवसांनी बाबांना मिळाले. पण बाबांना ते हवे होते उन्हाळ कांद्याचं उळं टाकायला. ती वेळ निघून गेली होती. वाट्याने केलेलं अर्धं एकर त्या साली पडीक राहिलं. प्रोग्रॅम दुरुस्त करायला मला अर्धा दिवसही लागला नाही.

हे इथवर झालं असतं तरी मी तुमच्यापुढे मान खाली घालून सांगितलं असतं आणि बसलो असतो. पण पुढे आणखी आहे. संध्याकाळी मीटिंग झाली. चूक कशी झाली, असा प्रश्न आला. कुणीतरी म्हणालं, माहिती भरणाऱ्या मुलीने नाव टाकताना घोळ केला असेल. अहवालात तसंच लिहिलं गेलं. त्या मुलीला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिने पट्टीवरचं नाव जसंच्या तसं भरलं होतं, तिची काडीची चूक नव्हती. आणि मी, खोलीतला एकच माणूस ज्याला खरं ठाऊक होतं, गप्प बसलो.

त्या रात्री मला सातवीचा वर्ग आठवला. बाई, तुम्हाला हे आठवत नसेल. भागाकाराची गणितं होती. तुमचा नियम होता: नुसतं उत्तर चालणार नाही, खाली ताळा हवा. भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी, बरोबर भाज्य. मी उत्तर गाईडमधून उतरवलं होतं, आणि ताळा न करताच खाली बरोबरच्या चिन्हापुढे भाज्य लिहून टाकला होता. गाईडमधलं उत्तर नेमकं छपाईत चुकलेलं. तुम्ही माझा गुणाकार तिथेच करून पाहिला. मारलं नाहीत, रागावलातही नाहीत. एवढंच म्हणालात, "उत्तर चुकलं तर चालेल रे. ताळा खोटा करू नकोस."

वीस रचलेली नावं टाकून चाचणी पास करणं हा माझा पहिला खोटा ताळा होता. त्या मीटिंगमध्ये गप्प बसणं हा दुसरा. सकाळी मी वरिष्ठांकडे गेलो आणि चूक माझ्या प्रोग्रॅमची आहे असं सांगितलं. लेखीही दिलं. त्या मुलीला परत बोलावलं. ती आली, पण माझ्याशी पुन्हा बोलली नाही आणि मी तिला दोष देत नाही. मला काय झालं? काही नाही. त्या वर्षी पगारवाढ जरा कमी झाली. एवढ्याशा भीतीसाठी मी एक रात्र गप्प राहिलो होतो.

गंमत अशी की या चुकीवरचा उपायही शाळेतलाच. आपल्या वर्गात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोघे होते. दोघेही आज इथे आहेत आणि माझ्याकडे बघून हसताहेत. बाई त्यांना कधीच नावाने हाक मारायच्या नाहीत. "अठरा" आणि "एकोणीस" म्हणायच्या. हजेरीपटावर नावाच्या आधी क्रमांक असतो तो त्याचसाठी. ग्रेपनेटमध्ये बागेला क्रमांक असतो तोही त्याचसाठी. दहा वर्षं रोज हजेरी दिली आणि त्यातली मेख मला समजायला चाळिशी उलटावी लागली.

आता तुमच्यापैकी प्रत्येकजण मला जेवणाच्या वेळी जे विचारणार आहे त्याचं उत्तर इथेच देतो. "मुलाला कॉम्प्युटरला घालू का? आता तर म्हणे एआय सगळं लिहितं." नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि आमच्या धंद्याची घडी बदलली, हे खरं आहे. मी रोज अशी साधनं वापरतो. मागच्या महिन्यात सहज म्हणून मी अशाच एका साधनाला माझं जुनं काम सांगितलं: पट्ट्यांची यादी आहे, खात्यांची यादी आहे, नाव आणि गाव पाहून जोड्या लाव. मिनिटभरात सुरेख प्रोग्रॅम लिहून आला, माझ्यापेक्षा नेटका. आणि त्यात नेमकी माझीच चूक होती. कारण प्रश्न मी तसाच विचारला होता. मग मी विचारलं, "एका गावात एकाच नावाचे दोघे असले तर?" लगेच त्याने चूक मान्य केली आणि दुरुस्त करून दिलं.

म्हणजे उत्तर काढणं स्वस्त झालं आहे. "दोघे असले तर?" हा प्रश्न मात्र त्यालाच सुचतो ज्याने तो बाकावर बसलेला म्हातारा पाहिला आहे. तेव्हा मुलांना जरूर घाला. पण त्यांना सुट्टीत एकदा मार्केट यार्डात न्या, लिलाव दाखवा, तलाठी कार्यालयाची रांग दाखवा. गावच्या माणसांत मिसळू द्या. ते शिक्षण कुठल्याच अभ्यासक्रमात नाही.

आणि एक विनंती. आपल्या तुकडीत माझ्यासारखे या धंद्यातले सात-आठजण आहेत. पुण्यात, बंगळुरात, दोघेजण अमेरिकेत, मी इथे. महिन्यातला एक शनिवार आपण शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांसाठी देऊ. परदेशातले व्हिडिओ कॉलवर येतील. प्रोग्रॅम कसा लिहायचा ते मुलं आपल्याआधी शिकतील, त्याची काळजी नको. आपण त्यांना आपल्या चुका सांगू. कुठली यादी अपुरी राहिली, कुणाचं काय अडलं, कुठे गप्प बसलो. पहिल्या शनिवारी मी येतो आणि ही गोष्ट पुन्हा सांगतो. मुख्याध्यापकांनी परवानगी द्यावी, एवढंच मागणं आहे.

त्या पट्टीची झेरॉक्स मी अजून टेबलाच्या खणात ठेवली आहे. नवीन काम हाती घेताना ती एकदा बाहेर काढतो. बाबा आता हयात नाहीत. त्यांच्या मुलाची आणि माझी ओळख राहिली आहे. दरवर्षी तो मला एक गोणी कांदा आणून देतो आणि पैसे घेत नाही, यावरून आमचा दरवर्षी वाद होतो.

बाई, सातवीतला तो ताळा करायचा राहिला होता. आज सगळ्यांसमोर करून आणलाय. तपासून घ्या.